कडुलिंबासाठी पट्टा

आमच्या कडुलिंबाचा घेर जमिनीपासून पाच फुटांवर किती भरतो, हे मला आजही तोंडपाठ आहे. करंजाचाही. दोन्ही झाडांमधलं अंतर मी तीनदा मोजलं होतं. एकदा शिवणकामाच्या टेपनं, एकदा दोरीनं आणि एकदा पावलांनी, कारण पहिल्या दोन मापांत चार बोटांचा फरक येत होता. ही सगळी मापं एका वहीत आहेत. वही गेल्या वर्षीची आहे, फेब्रुवारीत सुरू होते आणि एप्रिलच्या मध्यावर थांबते. तिच्यात माझ्या पत्नीविषयी एकच नोंद सापडते, तिच्या वजनाची, आणि तीही पट्टा किती भार पेलेल हे ठरवण्यासाठी केलेली.

माझी सगळी नोकरी सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली. कुणी काही विचारायला आलं की पहिल्या पुस्तकात मिळालेलं उत्तर मी कधी दिलं नाही. दुसरं पुस्तक काढायचं, दोन्ही शेजारी ठेवायची, जमलं तर तिसरं पाहायचं, असा माझा शिरस्ता. विद्यार्थी कंटाळून निघून जायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट त्यांच्या उतावळेपणाची कीव यायची. घरीही मी तसाच होतो. प्रेशर कुकर घेताना मी तीन आठवडे लावले होते आणि तोपर्यंत ती पातेल्यात डाळ शिजवत राहिली होती.

ती अक्कलकोटच्या पुढच्या एका गावची. माहेरी कन्नड, सासरी मराठी. मराठी इतकी स्वच्छ बोलायची की नव्या माणसाला शंका येऊ नये. पण झाडांशी मात्र कन्नडच बोलायची. आम्ही हे घर बांधलं तेव्हा प्लॉटवर नुसता मुरूम होता. तिनं एका कडेला कडुलिंब लावला, दुसऱ्या कडेला करंज. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून तिनं ती दोन्ही झाडं वाढवली. करंज मागे राहिला. त्याची साल अजून पातळ आहे.

गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी डॉक्टरांनी आता घरीच राहू द्या असं सांगितलं. म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही समजलं आणि आम्ही त्यावर बोललो नाही. तिला पलंगावर पडून राहणं नको झालं होतं. सकाळी ऊन तापायच्या आधी मी तिला खुर्चीत बसवून झाडांखाली नेत असे, पण खुर्चीत तिला फार वेळ बसवत नसे. त्यात पुण्याहून मुलगी आली. तिला गडकिल्ल्यांवर भटकायची आवड आहे. ती आपला हॅमॉक घेऊन आली, म्हणजे दोन झाडांना बांधायची लांबलचक कापडी झोळी. आईला यात झोपवू, वर पानं दिसतील, असं म्हणाली. मला ती कल्पना इतकी आवडली की मी स्वतः स्टूल आणून गाठी मारायला उभा राहिलो.

झोळीला बारीक दोऱ्या होत्या. त्याच आम्ही दोन्ही खोडांना गुंडाळल्या. तिला दोघांनी धरून आत निजवलं. ती अर्धा तास त्यात होती. मी कडेला बसून एका बोटानं हलका झोका देत होतो. ती वर बघत हसत होती. मी मोबाइलवर एक फोटो काढला. मग मुलीनं आणि मी तिला काखेत हात घालून बाहेर काढलं आणि दोऱ्या सोडल्या. करंजाच्या सालीवर सभोवार हिरवा, ओला करकोचा पडला होता. दोरी आत रुतून साल एके ठिकाणी सोलली होती. ती खुर्चीतून त्याकडे बघत राहिली.

"झाडाला लागलं बघा," ती म्हणाली. "आता रुंद काहीतरी मिळाल्याशिवाय नको."

मुलगी संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. झाडांसाठी वेगळे पट्टे मिळतात, मी मागवून देते, असं ती जाताना सांगत होती. मी म्हटलं, नको, मी बघतो.

मी बघायला लागलो. परदेशातले लोक या विषयावर किती बारकाईनं लिहितात ते पाहून मला आपल्या जातीची माणसं भेटल्यासारखं झालं. दोरीनं झाडाचं काय होतं, तर सालीच्या आतून झाडाचं अन्नपाणी वाहतं आणि बारीक दोरी सगळा भार एका रेषेवर आणून तेच चिरडते. पट्टा रुंद असला की भार पसरतो. किमान दोन बोटं रुंद हवा, साल पातळ असेल तर तीन. पॉलिस्टरचा हवा, नायलॉन भारानं ताणला जातो आणि खोडावर घासत खाली सरकतो. पट्ट्यावर ओळीनं फासे शिवलेले असावेत की बकल असावं, यावर दोन पक्ष होते. मी दोघांचंही म्हणणं वहीत उतरवून काढलं. एका पानावर डावीकडे फासे, उजवीकडे बकल.

बाहेरच्या खोलीत टेबलाशी मी, आतल्या खोलीत खिडकीपाशी ती. मध्ये दार उघडं असायचं. शेजारच्या वहिनी दुपारचं काम आटोपून तिच्याजवळ येऊन बसत. त्या दोघींचं बोलणं, मधूनच हसणं मला ऐकू यायचं, पण शब्द कळायचे नाहीत आणि मी कान दिला नाही.

वहिनींचं घर विणकरांचं, घरात तेलुगू बोलणारं. त्यांचे यजमान आयुष्यभर मागावर होते. कामावरून आता मोकळे झाले आहेत, पण हातांना स्वस्थता नाही. मी काय शोधतोय ते त्यांना वहिनींकडून कळलं आणि दुसऱ्या दिवशी ते नवारीचं वेटोळं काखोटीला मारून आले. जुन्या पलंगाची नवार, चांगली चार बोटं रुंद, सुती. मी त्यांना सांगितलं की सुती पट्टा चालत नाही, तो ताणला जातो, दमट हवेत कुजतो, तसं सगळीकडे लिहिलंय.

"सर, चादरी विणण्यात हयात गेली आमची," ते म्हणाले. "सूत कुठवर ताणतं नि कुठं थांबतं ते मला विचारा की. मोबाइलला काय विचारता?"

त्यांनी ती नवार बादलीत भिजवली, आपल्या गच्चीवर दगड बांधून लोंबती ठेवली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि पुन्हा घेऊन आले. असं एकदा ओलं ताणून वाळवलं की सूत मग पुढं सरकत नाही, हे त्यांनी मला दोन्ही टोकं ओढून दाखवलं. खरंच सरकत नव्हतं. पण माझ्या वहीत एकाही ठिकाणी सुताच्या बाजूनं कुणी लिहिलेलं नव्हतं. मी त्यांचे आभार मानले आणि थोडं थांबू म्हणालो. त्यांनी नवार पुन्हा गुंडाळली. "बरं. तुमचं वाचून झालं की सांगा," म्हणाले आणि गेले.

एके सकाळी मी बाजारात जाऊन आलो. ताडपत्री, दोरखंड, ट्रकचा माल आवळायचे पट्टे विकणारं एक जुनं दुकान आहे. दुकानदारानं दोन-तीन पट्टे समोर टाकले. रुंद होते, पण कडा करकरीत, आणि टोकाला लोखंडी आकडे. त्यानं विचारलं, किती टनाचा माल आहे. मी म्हणालो, चाळीस किलो. तो हसला.

"चाळीस किलोला सुतळी पुरंल की, काका. माल काय हाय?"

मी दुकानाबाहेर पडलो. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की चाळीस हा आकडाही मागच्या महिन्यातला होता.

मार्च लागला. मी पहिला जोड मागवला. आला तो दिसायला उत्तम होता, पण मी झाडांमधलं अंतर तीनदा मोजताना खोडांना पट्टा गुंडाळण्यात किती लांबी जाईल ते धरलंच नव्हतं. कडुलिंबाला वेढा घातल्यावर उरलेलं टोक झोळीपर्यंत पोहोचेना. तो परत पाठवला. पुन्हा वही घेतली, घेर मोजले, आणि शोध पहिल्यापासून सुरू झाला. मला त्याचा कंटाळा नव्हता. खरं सांगायचं तर त्या टेबलाशी बसलो की छातीवरचं ओझं उतरायचं. तिथे प्रत्येक प्रश्नाला कुठेतरी उत्तर होतं.

मधून मधून मी मोबाइल घेऊन आत जायचो आणि तिला पट्ट्यांची चित्रं दाखवायचो. ती प्रत्येक चित्र लक्ष देऊन पाहायची. एकदा तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"तो निळा घ्या की. छान आहे."

मी सांगितलं, निळा एकच इंच रुंद आहे, करंजाला तो लागेल.

"झाडांना सांगते मी. एक दिवस सोसा म्हणते."

मी हसलो. कन्नडमध्ये सांग, म्हटलं. तीही हसली. मग ती म्हणाली, खिडकीतून ऊन यायला लागलंय बघा. मी उठून पडदा ओढला आणि बाहेर टेबलाशी जाऊन बसलो.

दुसरा जोड एप्रिलच्या सुरुवातीला आला. पॉलिस्टरचा, राखाडी, तीन बोटं रुंद, कडा दुमडून शिवलेल्या, पुरेसा लांब. मी तो तिच्या हातात दिला. तिला बसवत नव्हतं. तिनं पडल्या पडल्याच त्याची कड अंगठ्यानं आणि तर्जनीनं चोळून पाहिली, दुकानात टॉवेल घेताना पाहायची तशी. मऊ आहे, म्हणाली. उद्या सकाळी बांधू, मी म्हणालो. तिनं मान हलवली. त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. त्यानंतर ती अंगणात आली नाही. दहाव्या दिवशी गेली.

दिवसकार्य झालं, माणसं येत-जात राहिली. जो येईल त्याला मी ही गोष्ट सांगत असे. झाडांखाली झोळीत पडायची तिची एवढी एकच इच्छा होती आणि ती माझ्या चोखंदळपणामुळे राहिली, असं मी म्हणायचो. लोक माझी समजूत घालायचे. मुलीलाही मी फोनवर हेच पुन्हा पुन्हा सांगत होतो. ती रडायची. आता वाटतं, त्या सांगण्यात मला थोडा दिलासा होता. दोष घ्यायचा तर तो असा, अतिकाळजीचा, घ्यायला मला जड जात नव्हता.

वहिनींनी ते माझ्या तोंडून चार-पाच वेळा तरी ऐकलं असेल. दिवाळी होऊन गेली होती. त्या दुपारी त्या वाटीत काहीतरी घेऊन आल्या होत्या, मी काही निमित्त नसताना पुन्हा तेच सुरू केलं. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली आणि बसल्या. सांगू का नको, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"सर, तसं नव्हतं," त्या म्हणाल्या. "अक्काला ती झोळी नको होती."

मला आधी समजलंच नाही. त्या हळूहळू सांगत गेल्या. पहिल्या दिवशीच तिची पाठ फार दुखली होती. झोळीत कंबर खाली जाते, खांदे आवळले जातात, कुशीवर वळता येत नाही. पण लेक एवढ्या लांबून घेऊन आलेली, मी हौसेनं स्टुलावर चढलेलो, म्हणून तिनं दात आवळून अर्धा तास काढला. बाहेर आल्यावर झाडाची साल दिसली, तेव्हा तिनं झाडाचं नाव पुढं केलं. मग मी पट्टा शोधायला बसलो, तेव्हा तिनं वहिनींना सांगितलं होतं की शोधू दे त्यांना आठ-दहा दिवस, समोर बसून नुसते माझ्याकडे बघत राहतात, मला भीती वाटते.

"आठ-दहा दिवस म्हणाली होती," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, हे शक्य नाही. ती हसत होती. माझ्याकडे पुरावा होता. मी मोबाइल काढून फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो जवळ घेऊन पाहिला आणि परत माझ्याकडे वळवला.

"तोंड नका बघू सर. हात बघा की."

तो फोटो मी त्या सहा-सात महिन्यांत किती वेळा पाहिला असेल, सांगता येत नाही. तिचा डावा हात झोळीच्या काठावर होता. काठ मुठीत आवळलेला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मग वहिनींनी शेवटचं सांगितलं. मार्च उलटत आला तरी मी टेबलावरून उठेना, तेव्हा ती त्यांना म्हणाली होती, एकदा झोपते त्या झोळीत अर्धा तास, सोसते, म्हणजे हे संपेल आणि ते इकडे येऊन बसतील. तो निळा पट्टा तिनं त्यासाठी निवडला होता.

 वहिनी जरा वेळ बसून, वाटीवर झाकण ठेवून गेल्या.

मला राग आला होता, तोही आधी वहिनींचा, मग तिचा. सरळ का सांगितलं नाही? पण सरळ सांगायची रीत आमच्यात कधी नव्हतीच. चाळीस वर्षांत तिनं स्वतःसाठी 'मला हे नको' म्हटल्याचं आठवत नाही. एखाद्या लग्नाला जायचं नसलं की दूध नासेल म्हणायची. माझ्या बहिणीकडे राहायचं नसलं की झाडांना पाणी कोण घालेल म्हणायची. हे मला माहीत होतं. नव्या लग्नाच्या दिवसांत तर दूध म्हटलं की त्यामागचं कारण मी लगेच ओळखायचो आणि आम्ही दोघं त्यावर हसायचो. केव्हापासून मी दुधाला दूध आणि झाडाला झाड समजू लागलो, ते मला सांगता येत नाही. खिडकीतून ऊन यायला लागलं म्हणाली, तेव्हा मी पडदा ओढला. पडदा ओढून तिथंच बसलो असतो तर काय झालं असतं? कडुलिंबाच्या घेराचं काही अडलं नसतं.

आधी मी समजत होतो, की तिला हवी ती गोष्ट मी उशिरा आणली. ते दुःख मला पेलवत होतं. आता कळलं ते वेगळं आहे. तिला हवं ते घरातच, दहा पावलांवर, वही उघडून बसलेलं होतं. दोन महिने. त्यातले पहिले आठ-दहा दिवस तिनं मला दिलेले होते, म्हणून ते मी माझे धरतो. उरलेल्या दिवसांचं काय करावं, ते मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टे काढले. तेव्हापासून ते घडी करून कपाटात होते. माहितीत लिहिलं होतं तसं सगळं केलं. खांद्याच्या उंचीला वेढा, पट्टा पिळू न देता सपाट, झोळीच्या टोकांच्या कड्या दोन्हीकडे सारख्याच अंतरावरच्या फाशांत. मुलीनं झोळी इथंच ठेवली होती. ती अडकवली, काठावर बसलो आणि पाय वर घेतले.

पहिली काही मिनिटं फार सुखाची होती. वर कडुलिंबाची पानं, मध्येच आभाळाचा तुकडा. मग कंबर खाली गेली. खांदे पुढे ओढले गेले, जणू कुणी मला पाकिटात घालतंय. मला आजार नाही, माझं वजन चांगलं आहे, तरी दहाव्या मिनिटाला पाठीच्या खालच्या मणक्यात दुखायला लागलं. मी कुशीवर वळून पाहिलं, वळता येईना. घड्याळ समोर धरलं आणि ठरवलं की अर्धा तास भरल्याशिवाय उतरायचं नाही. विसाव्या मिनिटाला मी झोळीचा काठ धरला होता. मुद्दाम नव्हता धरला.

अर्धा तास भरला आणि मला उतरता येईना. पाय जमिनीला लागत, पण जोर लावला की झोळी मागे सरके. शेजारचे ते विणकर आपल्या गच्चीवरून बघत होते. ते खाली आले, फाटक उघडून आत आले, माझ्या काखेत हात घालून त्यांनी मला उभं केलं. पट्टे सोडायलाही त्यांनी मदत केली. सोडलेला पट्टा हातावर घेऊन त्यांनी त्याची वीण निरखली. बरा आहे म्हणाले.

"आवडलं काय, सर? रोज झोपत जावा की."

"नाही," मी म्हणालो. "पाठ फार दुखते."

त्यांनी पट्टा माझ्या हातात दिला. करंजाकडे गेले, जिथं पट्टा होता तिथं त्यांनी तळवा सालीवरून फिरवला, मग खाली वाकून दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

"झाडाला कायबी झालं नाही बघा."

"नाही," मी म्हणालो. "झाडाला काही झालं नाही."